पोफळीला बांधलेली घरगाडी

काल तुमचं गॅरेज रिकामं केलं. हसनभाई आले होते. पाने, जॅक, ग्रीसचे डबे, ती दांडा मोडलेली हातोडी, सगळं त्यांनी एकेक करून बाहेर ओट्यावर मांडलं आणि मला विचारलं, "भाभी, यातलं काय ठेवायचं?" मी म्हटलं, "काहीच नको." मग आत येऊन चहाचं आधण ठेवलं आणि पाणी आटून भांडं करपेपर्यंत नुसती चुलीकडे बघत बसले. आपल्या शकूने येऊन भांडं उतरवलं.  तुम्ही गेल्यापासून ती फारशी बोलत नाही, फक्त मी जिथे जाईन तिथे येऊन उभी राहते.

तेरावं होऊन गेलं तरी माणसं येतात. पायरीवर टेकतात, पाणी पितात आणि तुमच्याबद्दल चांगलं बोलतात. पण प्रत्येकाचं बोलणं फिरून एकाच गोष्टीवर येतं. घरगाडीवर. "काय मोठ्या मनाचा माणूस! चोरीला गेलेली आपली गाडी डोळ्यांसमोर उभी, आणि त्या बाईला देऊन आला!" मी मान हलवते. परवा पेठेतल्या एका बाईंनी माझा हात हातात घेतला नि म्हणाल्या, "असा नवरा मिळायला पुण्य लागतं." तेव्हाही मी मान हलवली.

अहो, पण त्या वेळी तिथे मीही होते. तुमच्यापासून चार हातांवर वाळूत उभी होते. गाडी सोडताना तुम्ही माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाहीत. हे त्या लोकांना माहीत नाही, आणि त्यांना सांगून मला करायचंही काही नाही. भांडण तुमच्याशी होतं. अजून तुमच्याशीच आहे.

लग्नाला वर्ष व्हायच्या आत तुम्ही पलटणीच्या मोटारी दुरुस्त करायला आसामकडे गेलात आणि लढाई संपल्यावर परत आलात तेव्हा मी तुम्हाला ओळखलं ते आवाजावरून. अंगाने निम्मे झाला होतात. लढाईचं तुम्ही कधी काही सांगितलं नाहीत. मी एकदा विचारलं तर "चिखल होता" एवढंच म्हणालात. एकच गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा सांगायचात. परत येताना कुठल्याशा नदीकाठी तुमचा ट्रक थांबला होता, आणि तिथे एका गोऱ्या साहेबाचं बिऱ्हाड झाडाखाली उतरलं होतं. मोटारीला जोडलेलं चाकांवरचं घर. आत बिछाने, खिडकीला पडदा. मडमीण चुलीवर काहीतरी परतत होती, पोरं पाण्यात खेळत होती, आणि साहेब उकिडवा बसून ताटल्या विसळत होता. "साहेब ताटल्या विसळत होता!" असं म्हणून तुम्ही दर वेळी हसायचात. मग हसू ओसरलं की म्हणायचात, "ना कुणाचं घर, ना कुणाचं अंगण. चार माणसं आणि एक झाड. आपणही एकदा असं जायचं."

मला ती गोष्ट का आवडायची, ते मी तुम्हाला एकदाच सांगितलं होतं. माझं माहेर माणगावकडच्या भातशेतीच्या गावात, सासर श्रीवर्धनात. या दोन गावांखेरीज तिसऱ्या गावात मी जन्मात झोपले नव्हते. माहेरी मी कुणाची तरी लेक, इथे कुणाची तरी सून. जिथे आपण कुणाच्या कुणी नाही अशा जागी सकाळी उठलं तर कसं वाटत असेल, हे मला बघायचं होतं.  पुढच्याच थंडीत कल्याणकडे लष्कराच्या जुन्या सामानाचा लिलाव झाला, आणि तात्या बागायतदारांच्या जीपच्या मागे बांधून तुम्ही तो दोन चाकांचा लोखंडी ट्रेलर घेऊन आलात. सगळी आळी बघायला जमली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगोबाई, जीपला शेपूट फुटलं!"

त्या शेपटाचं घर करायला तुम्हाला आणि हसनभाईंना वर्ष लागलं. हसनभाई होड्या बांधणारे. त्यांना छप्पर करायला सांगितलं तर त्यांनी उलटी होडीच करून ठेवली. तशाच वाकवलेल्या फासळ्या, तशाच फळ्या, फटींत कापूस ठासून वरून राळ आणि तेल. तुम्ही कुरकुरलात, "हसन, हे रस्त्यावरून जायचंय, दर्यात नाही." ते म्हणाले, "भाऊ, तुमचा काय भरवसा? गेलात दर्यात तर बुडणार तरी नाही." आत दोन बाजूंना दोन फळ्या, दिवसा बसायला, रात्री झोपायला. एकीवर तुम्ही नि मी, दुसरीवर शकू आणि बेबी. मी फुलाफुलांच्या चिटाचे पडदे शिवले, आणि डोक्याशी कापडी कप्पे. फणी, कुंकवाचा करंडा, बेबीची खोकल्याची बाटली, प्रत्येकाला वेगळा कप्पा. शकू रोज शाळेतून आली की दप्तर टाकून आधी त्यात जाऊन बसायची. घरगाडी हे नाव तिनेच ठेवलं.

आणि मग तुम्हाला चोरांची भीती लागली.

त्याआधी तुम्ही असे नव्हता. घराच्या दाराला आपण कधी कडीसुद्धा नीट लावली नव्हती. पण घरगाडीला रंग लागला आणि तुमची झोप उडाली. म्हणायचात, "चाकांवरची वस्तू आहे. हूक अडकवला की चालली. दोन माणसं नुसती ओढून नेतील." रोज संध्याकाळी तुम्ही तिचं एक चाक काढायचात आणि घरात आणून आपल्या खाटेखाली ठेवायचात. सकाळी परत बसवायचात. हुकाची खीळ उशीखाली. मी म्हटलं होतं, "खाली चाक, उशाला खीळ. उद्या मलाही साखळी घाला म्हणजे झालं." तुम्ही खाली रांगत जाऊन छिन्नीने लोखंडात स्वतःचं नाव कोरलंत. दोरीला रिकामे डबे बांधलेत, ते मांजराने वाजवले आणि आळी जागी झाली. आणि सगळ्यात शेवटी मुंबईहून मागवलेली ती जाड साखळी. ती तुम्ही आसातून ओवून परसातल्या पोफळीभोवती गुंडाळलीत आणि मुठीएवढं कुलूप लावलंत.

"पोफळीला?" मी म्हटलं होतं. "माझ्या मनगटाएवढी जाड नाही ती."

"झाड आहे ते. मुळं जमिनीत आहेत त्याची," तुम्ही म्हणालात. "ही साखळी तोडायला भट्टी लागेल."

हरिहरेश्वरला जायचं ठरलं. तुम्ही आधी एकटे सायकलने जाऊन जागा बघून आलात, आणि आल्यावर जमिनीवर कोळशाने नकाशा काढून आम्हाला तिघींना समोर बसवलंत. हे देऊळ. हे प्रदक्षिणेचे खडक, इथे भरतीला जायचं नाही. ही उंडीची झाडं, गाडी यांच्या सावलीत. भरतीची रेघ इथवर येते, म्हणून गाडी तिच्या वर. गोड्या पाण्याची विहीर इकडे. बेबीने विचारलं, "आणि आपलं घर कुठे?" तुम्ही कोळसा उचलून थेट कोनाड्यापर्यंत गेलात आणि तिथे एक टिंब काढलंत. "इतकं लांब!" ती म्हणाली. तात्यांची जीप दिवाळीच्या सुट्टीत मिळणार होती. मी तांदळाचं पीठ दळून ठेवलं, कुळथाचं पीठ, सुकट भाजून डब्यात भरली, आमसुलं, मीठ, स्टोव्हसाठी रॉकेलची बाटली. कंदील पुसून ठेवला. दोन मुक्काम करायचे होते, पण मी शिधा महिन्याचा भरते आहे असं तुम्ही चिडवलंत.

निघायच्या आठवड्यात एक दिवस तुम्ही म्हणालात, आधी घरीच तालीम करू. म्हणून संध्याकाळी परसात तिथल्यासारखी चूल मांडली, भाकऱ्या भाजल्या, आणि आपण चौघं घरगाडीच्या पायरीशी बसून जेवलो. जेवण झालं आणि तुम्ही धोतर खोचून विहिरीपाशी उकिडवे बसलात नि ताटं घासायला लागलात. शेजारच्या काकू कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या. मी लाजून धावले, "अहो, द्या इकडे, लोक बघतायत." तुम्ही ताट दिलं नाहीत. राखेचा हात वर करून म्हणालात, "तालीम पूर्ण झाली पाहिजे." काकूंनी ही गोष्ट गावभर केली. कितीतरी दिवस बायका मला हसत होत्या, आणि मी वरवर रागावत होते. आज सांगते. त्या पाच-सहा ताटल्या तुम्ही घासल्यात तेवढा वेळ मी जितकी सुखात होते, तितकी आधी नव्हते आणि नंतरही नाही.

त्रिपुरी पौर्णिमेला आपण सगळी देवळात पणत्या लावायला गेलो. दुसऱ्या दिवशी उजाडताच निघायचं होतं. म्हणून त्या दिवशी तुम्ही दोन्ही चाकांना ग्रीस भरून ती घट्ट बसवून ठेवली होतीत. साखळी होतीच. आपण गेलो तेव्हा ऊन होतं, परतलो तेव्हा नुकती दिवेलागण झाली होती. शकू पुढे पळत गेली आणि परसातून ओरडली, "बाबा, पोफळ पडली!"

पोफळ कुंपणावर आडवी पडली होती. बुंध्यापासून हातभर वर करवतीने कापलेली, ताज्या भुशाचा वास येत होता. साखळी शाबूत होती. कुलूप शाबूत होतं. खुंटावरून साखळी नुसती वर उचलून काढली होती, आणि आसातून ओढून तिथेच टाकली होती. तुम्ही ती हातात घेतलीत, कुलूप खेचून बघितलंत, आणि म्हणालात, "लागलेलं आहे." परत खेचलंत. "लागलेलंच आहे अगं." मी तुम्हाला काय म्हणणार होते? पोफळीबद्दल मी एक शब्द काढला नाही, तेव्हाही नाही आणि पुढे भांडतानाही नाही. घरात पिठाचे डबे, कंदील, वळकटी, सगळं ओळीने मांडलेलं होतं. बेबीने विचारलं, "मग उद्या कशातून जायचं?" 

चौकीवर हवालदाराने विचारलं, "घरगाडी म्हणजे? आत कोण राहत होतं?" तुम्ही म्हणालात, "अजून कोणी नाही." तो हसला असं तुम्हीच मला सांगितलंत. त्यानंतर दर रविवारी तुम्ही सायकल काढायला लागलात. म्हसळा, माणगाव, पार आपल्याकडच्या गोरेगावपर्यंत. ट्रकला जोडून मुंबईच्या रस्त्याला नेली असणार, असं तुमच्या डोक्यात बसलं होतं. प्रत्येक गॅरेजात विचारायचात, प्रत्येक ट्रकवाल्याला. एकेका रविवारी भिजून यायचात, एकेका रविवारी उन्हाने काळे होऊन. मी म्हणायची, "पुरे आता, गेली ती." तुम्ही जेवायचात आणि झोपायचात. असं वर्ष गेलं, दुसरी दिवाळी गेली. शिध्यातलं कुळथाचं पीठ आपण कधीच खाऊन टाकलं होतं.

आणि मग बाजारात सुकं मावरं विकणारी एक कोळीण मला म्हणाली, "बाय, तुमची ती चाकांची खोली व्हती ना, तशीच आमच्या तिकडं खाडीवर हाय. होडीवानी छप्पर." बागमांडल्याच्या पुढे, खाडीच्या काठाला. हरिहरेश्वरच्या अगदी पलीकडे. तुम्ही मुंबईची वाट धुंडाळत होतात, आणि ती आपल्याआधी तिथेच जाऊन पोचली होती.

मुलींना काकूंकडे ठेवून आपण दोघं सकाळच्या एस.टी.ने गेलो. तुम्ही नवी साखळी पिशवीत घेतली होती. मला ते दिसलं. उतरल्यावर खूप चाललो. कोळीवाड्याच्या टोकाला, माडांच्या खाली, ती उभी होती. चाकं वाळूत अर्धी गेली होती. छपरावर मासळी वाळत घातली होती. खिडकीला माझा फुलांचा पडदा होता, उन्हाने विटलेला, पण माझाच. मी तिथेच थांबले. तुम्ही पुढे गेलात, पाठीवर झोपून खाली सरकलात आणि पाठभर वाळू घेऊन बाहेर आलात. "हीच आहे," म्हणालात. "नाव आहे."

आतून एक बाई उतरली. माझ्याच वयाची असेल. तिचं नाव चांगुणा, हे आपल्याला नंतर कळलं. तुम्ही शांतपणे विचारलंत, "ही गाडी कुठून आणलीत?"

तिने आधी तुमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला कळलं असावं. "मी चोरली न्हाय, दादा," ती म्हणाली. "दोन माणसं बैल जुंपून घेऊन आली व्हती. लिलावातली हाय म्हनाली. गळ्यातले मनी दिले नि घेतली." तिच्या गळ्यात नुसता काळा दोरा होता. "माजं घर दर्यानं नेलं. यांना कुठं ठेवायचं व्हतं?"

तिने पडदा बाजूला केला. आत डाव्या बाजूच्या फळीवर एक पुरुष आडवा होता. होडीवरची डोलकाठी अंगावर पडून कमरेखाली लुळा झालेला. समोरच्या फळीवर दोन लहान पोरं बसली होती. त्याने उठायचा प्रयत्न केला, हात जोडले. तो माझ्या जागेवर झोपला होता. त्याच्या डोक्याशी मी शिवलेले कप्पे होते. फणीच्या कप्प्यात फणी होती, आणि बाटलीच्या कप्प्यात औषधाची बाटली. बाई म्हणाली, "कुणी शिवलं हाय कोन जाने. लई सोयीचं हाय." मी माझेच टाके बघत राहिले.

मी तुमच्या बोलण्याची वाट बघत होते. तुम्ही छपराकडे बघत होतात. आणि तुम्ही काय विचारलंत? तुम्ही विचारलंत, "पावसात गळतं का?"

"व्हय," ती म्हणाली. "त्या कोपऱ्यातनं."

तुम्ही तिच्याकडून होडीला लावायची राळ मागून घेतलीत, वर चढलात, आणि फट भरलीत. चाकांखाली दगड लावून गाडी सरळ केलीत, म्हणजे त्या माणसाचं डोकं जरा वर राहील. तिच्या पोराला फळीचा खिळा ठोकायला शिकवलंत. या सगळ्याला दुपार गेली. मी वाळूत उभी होते. तिने मला बसायला पाट दिला, तरी मी बसले नाही. मग तुम्ही हात धुतलेत आणि माझ्याकडे येऊन म्हणालात, "चल. मोटार चुकेल."

परत येताना आपण हरिहरेश्वरच्या उंडीच्या झाडांवरून गेलो. तुम्ही कोळशाने काढली होती तशीच ती होती. खाली सावली, सावलीत सुकलेली पानं, समोर ओहोटीचं पाणी. मी थांबले. थोडा वेळ बसू, असं म्हणणार होते. तुम्ही पुढून हाक मारलीत, "अगं, शेवटची मोटार आहे." मी चालायला लागले.

घरी आल्यावर मी बोलले. आठवतं ना? कितीतरी दिवस बोलत होते. तुम्ही म्हणालात, "त्या माणसाला उचलून कुठे ठेवणार होतीस?"

"ते मला माहीत नाही. पण तुम्ही मला विचारायचं होतं."

"विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

"कदाचित तुम्ही केलंत तेच म्हटलं असतं. पण ते मी म्हटलं असतं."

तुम्हाला ते कधी कळलं नाही. तुम्ही म्हणायचात, मग शेवटी एकच झालं ना? अहो, एक नव्हतं झालं. तुमचं तुम्ही दिलंत, ते चांगलंच केलंत. पण त्यात माझंही काही होतं, आणि ते तुम्ही न विचारता देऊन टाकलंत. गाव तुम्हाला मोठ्या मनाचे म्हणतं तेव्हा मला वाटतं, मलाही मन मोठं करायची एक संधी आली होती, ती तुम्ही माझ्यापर्यंत येऊच दिली नाहीत. मी त्या गोष्टीत वाळूत उभी असलेली बाई एवढीच राहिले.

"दुसरी बांधू," तुम्ही म्हणाला होतात. पण लष्कराचे तसे ट्रेलर पुन्हा लिलावाला निघाले नाहीत. तात्यांनी जीप विकली. हसनभाईंचे डोळे अधू झाले. मी एकदा म्हटलं, गाडी नको, एस.टी.ने जाऊ, ताडपत्री बांधून राहू. तुम्ही म्हणालात, "बघू." ज्या माणसाने ताटं घासायची तालीम केली होती तो असा "बघू" म्हणून कूस वळवतो, याचं मला फार वाईट वाटलं होतं. तुमच्यातलं काहीतरी त्या खाडीवर राहून गेलं होतं. त्यानंतर तुम्ही कशालाच कुलूप लावलं नाहीत. गॅरेजची फळी रात्रंदिवस उघडी. मी विचारलं तर म्हणालात, "न्यायचं त्याने न्यावं." लोक याला वैराग्य म्हणत. मला तसं वाटलं नाही. तुमच्या लेखी जपण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि त्या घरात मी होते, मुली होत्या.

दर पावसाळ्याआधी तुम्ही खाडीवर जाऊन ते छप्पर बघून यायचात. मला सांगून जायचात, पण कधी "येतेस का" म्हणाला नाहीत. मीही कधी निघाले नाही. चांगुणेला तुम्ही गेल्याचं अजून कळलेलं नाही. हसनभाई म्हणाले, निरोप धाडू का? मी म्हटलं, नको. ती येईल, रडेल, तुमचे गुण सांगेल, आणि मला पुन्हा मान हलवावी लागेल. येत्या पावसात छप्पर गळायला लागलं की तिला आपोआप कळेल.

काल हसनभाई जाताना आणखी एक बोलले. त्यांच्या पुतण्याकडे ट्रक आहे, मुलींना घेऊन एकदा हरिहरेश्वरला जाऊ, भाऊंच्या मनात होतं. मी शकूकडे पाहिलं. ती आता मोठी झाली आहे, चार महिन्यांनी मॅट्रिकला बसेल. ती म्हणाली, "तिथे जाऊन काय करायचं, काका?" किती सहज म्हणाली.  तिसऱ्या गावात सकाळी कसं वाटतं ते बघायची माझी इच्छा कुठे गेली, मला सापडत नाही. हसनभाई चपला घालून गेले.

तुमची छाती धरली तेव्हा तुम्ही आधी ती धूळ म्हणालात, मग थंडी म्हणालात. इथल्या डॉक्टरांनी छातीत पाणी झालंय सांगितलं आणि आपण बोटीने मुंबईला गेलो. इस्पितळाच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून मी झोपत होते. आजूबाजूला कुणी कुणाचं नव्हतं. सकाळी झाडूवाल्याने पाय हलवून उठवलं की क्षणभर मला कळायचं नाही मी कुठे आहे. मग कळायचं.

त्या दिवशी दुपारी तुम्हाला जरा बरं वाटत होतं. उशाला टेकून बसला होतात. तुम्ही मला बराच वेळ न्याहाळलंत आणि म्हणालात, "अगं, तू अजून रागावलेली आहेस."

दुसरी एखादी नाही म्हणाली असती. माझ्याही ओठांवर तेच आलं होतं. पण तुमच्याशी खोटं बोलायची मला सवय नव्हती. मी म्हटलं, "हो."

"त्या बाईवर?"

"तिच्यावर कशाला? तुमच्यावर."

तुम्ही हसलात. खूप दिवसांनी तसे हसलात, आणि मग खोकला आला, तो थांबेना. मी पाठ चोळली. दम आल्यावर तुम्ही विचारलंत, "मग आता काय करायचं?"

"बरे व्हा," मी म्हटलं. "घरी गेलो की नीट भांडू. मला पुष्कळ बोलायचंय. तुम्हीही बोला."

"बरं," तुम्ही म्हणालात. "आधी थोडं पाणी दे."

तांब्यात पाणी नव्हतं. मी तांब्या घेऊन नळावर गेले. तिथे रांग होती. परत आले तेव्हा तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडला होतात. मला वाटलं डोळा लागला असेल. मी हळूच भांड्यात पाणी ओतलं, आवाज होऊ न देता. आणि भांडं हातात धरून तुमच्या खाटेशी उभी राहिले, तुम्ही कूस बदलून मागाल म्हणून.